कनिष्ठ वकील विद्यावेतन निधी : सभासद व हितचिंतकांना आवाहन

सन्माननीय सभासद, माजी सभासद आणि तालुक्यातील हितचिंतक,

स. न. वि. वि.

हे पत्र दोन तारखांच्या मधल्या वेळात लिहितो आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्यावे.

आपला निधी सुरू झाला तो एका कोटामुळे, हे जुन्यांना आठवत असेल. वाडीवरचा एक मुलगा सनद (वकिलीचा परवाना) घेऊन पहिल्या दिवशी आला तो दुसऱ्याचा कोट घालून. बाह्या पार बोटांवर आलेल्या. आपल्या कैलासवासी अध्यक्षसाहेबांनी दुसऱ्या दिवशी त्याला आपला कोट दिला आणि सभेत एवढेच म्हणाले, "कोट मी दिला, एसटीचा पास संघाने द्यावा." त्यावर पहिली पावती फाडली ती आपल्या कोर्टातल्या निवृत्त कर्मचाऱ्यांनी, म्हणजे नाझरसाहेबांनी, तीही पेन्शनमधून! कोर्टाबाहेरचे स्टॅम्प व्हेंडर काका दर पाडव्याला न चुकता पाकीट देतात आणि नाव लिहू देत नाहीत. झेरॉक्सवाल्या दादांनी कनिष्ठांकडून कधी पानाचे पैसे मोजून घेतले नाहीत. कै. अध्यक्षसाहेबांच्या पत्नींनी एआयआरचे (न्यायनिवाड्यांच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे) सगळे खंड कपाटासकट बार रूमला, म्हणजे वकिलांच्या खोलीला, दिले. ते कपाट जिन्यावरून चढवताना निम्मा बार घामाघूम झाला होता. आणि तो कोटवाला मुलगा? त्याने विधी सेवा समितीच्या पॅनलवरची (गरिबांना फुकट वकील देणाऱ्या यादीवरची) पहिली फी जशीच्या तशी निधीत भरली. या सर्वांचे ऋण संघ विसरणार नाही.

आता मुद्द्याचे. पदवीपर्यंत शिष्यवृत्ती पोचवते. सनदेचा दरवाजाही रुंद झाला : ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणी शुल्क कायद्यातल्याप्रमाणे ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयेच घ्यावे. त्याआधी ओडिशात हाच आकडा ४२,१०० पर्यंत गेला होता. पण नंतर वकिलांच्या बार परीक्षेची फी, गळ्याचा पांढरा बँड, गाऊन, खोलीभाडे, आणि सीनियरच्या ऑफिसात निदान दोन-तीन वर्षे रोजनामा (तारखेच्या कामाची नोंद), मुदतीचे अर्ज आणि खटले दाखल करायच्या शाखेच्या चकरा. खरी वकिली शिकायची ती इथेच. या वर्षांना आपल्याकडे सरकारी पैसा नाही.

१९६१ साली संसदेने दोन कायदे केले. ॲप्रेंटिसेस ॲक्टने कारखान्यातल्या शिकाऊ फिटरला विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक केले. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये शिकाऊ वकिलाच्या पोटापाण्याबद्दल अवाक्षर नाही. १९९५ मध्ये वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, बार कौन्सिल ऑफ इंडियाने, सनदेआधी वर्षभराची उमेदवारी सक्तीची केली होती, तेही नियम १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुदीर खटल्यात रद्द झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कौन्सिलने कनिष्ठांना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले, पण ती नुसती सूचना. तालुक्याच्या सीनियरला स्वतःची फी उधारीत मिळते, तो बिचारा तरी कुठून देणार? आंध्रने २०१९ मध्ये दरमहा ५,००० ची आणि तमिळनाडूने २०२० मध्ये ३,००० ची योजना काढली. आपणही निवेदने पाठवली. पोच आली.

गरीब पक्षकाराला फुकट वकील मिळावा म्हणून घटनेत अनुच्छेद ३९अ आहे, १९८७ चा विधी सेवा कायदा आहे. पण गरीब घरचा मुलगा त्या पॅनलवर बसायचा तर आधी तीन वर्षे वकिली हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेलाही तीन वर्षांची अट परत आली. ही तीन वर्षे ज्याला घरून डबा येतो त्याचीच निघतात. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांनाही १९२३ मध्ये सनदेसाठी मित्र नवल भथेना यांच्याकडून पैसे घ्यावे लागले होते. भथेना सगळ्यांनाच भेटत नाहीत.

थोडे कडू बोलतो. गेल्या वर्षीचे आवाहन ग्रुपवर टाकले तेव्हा अंगठे आणि हात जोडलेली चित्रे भरपूर आली, पावत्या मात्र पुस्तकाच्या तळाशीच राहिल्या. निरोप समारंभाच्या जेवणाची वर्गणी त्याच आठवड्यात दोन दिवसांत जमली होती. मी तेव्हा काही बोललो नाही. पण त्या वर्षी एका मुलीने जुनिअरशिप सोडून पतपेढीत वसुलीची नोकरी धरली. तिचा उलटतपास ज्यांनी ऐकला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

तपशील : यंदा तिघांना वर्षभर दरमहा प्रत्येकी ५,००० रुपये द्यायचे आहेत, म्हणजे १,८०,००० लागतील, निवड समितीत एक महिला सभासद व एक बाहेरचे शिक्षक, सीनियरने निवडलेल्या कनिष्ठाला आठवड्यातून एकदा तरी कोर्टात उभे करण्याची लेखी हमी द्यायची. रक्कम खजिनदारांकडे बार रूममध्ये दुपारच्या सुट्टीत, रोख फक्त २,००० पर्यंत, बाकी संघाच्या नावे क्रॉस चेक. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. प्राप्तिकराची सवलत अजून मिळालेली नाही, हे आधीच सांगतो. पैसे जमत नसतील तर बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराची पुस्तके (जुनी आवृत्ती नको, भारतीय न्याय संहितेपासूनची), टेबल, चांगल्या स्थितीतला कोट चालेल. महिनाअखेर मुदत आहे आणि या वेळी मुदतवाढीचा अर्ज मंजूर होणार नाही.

आपला,
सचिव, वकील संघ

ता. क. : एआयआरच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती कृपया परत करावी.