नुसतं ‘चायनीज’ म्हणू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतलं पाककृतींचं पान मी कात्री हातात घेऊनच वाचते. कात्रणांच्या दोन वह्या भरल्या आहेत. पण त्या पानावर नूडल्स असोत, मोमो असोत की नारळाच्या दुधातली थाई आमटी, वर मथळा ठरलेला: ‘चायनीज’, नाहीतर ‘आशियाई चव’. त्यासाठीच हे पत्र.

२१ मार्च २०२० रोजी मी सिंगापूरला लेकीकडे उतरले. आदल्या रात्रीपासूनच तिथे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला १४ दिवस घरात राहण्याची सक्ती झाली होती. ते दिवस सरतात न सरतात तोच ७ एप्रिलला सगळं शहरच बंद झालं, ते १ जूनपर्यंत. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली ओळीने असलेल्या खाण्याच्या गाळ्यांत, बसून खायला बंदी होती. बांधून न्यायला किंवा घरी मागवायला मात्र परवानगी होती. बांधून नेण्याला तिथे ‘दाबाओ’ म्हणतात. लेक आणि जावई दिवसभर लॅपटॉपसमोर, त्यामुळे एक वेळचं जेवण बाहेरून यायचं. डिलिव्हरीचा मुलगा पिशवी जाळीच्या दाराला अडकवायचा, बेल वाजवायचा आणि निघून जायचा.

पहिल्या दिवशी लेकीने विचारलं, “आई, चायनीज चालेल ना?” चालेल म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर नाक्यावरच्या गाडीवरचे लालभडक नूडल्स. डबा उघडला तर पांढरा भात, त्यावर बारीक चिरलेल्या चवळीच्या शेंगा, कोबी, टोफू, खारवलेला मुळा, भाजलेले शेंगदाणे आणि चिमूटभर जवळा. शेजारच्या डब्यात हिरवंगार पातळ काहीतरी. मला ती चटणीच वाटली. चहाची पानं, पुदिना, तुळशीसारखा पाला, तीळ आणि शेंगदाणे वाटून त्यात कढत पाणी घातलेलं ते कालवण होतं, भातावर ओतून खायचं. पहिला घास कडसर लागला, मग तीळ आणि शेंगदाणे जिभेवर उतरले. त्याला ‘लेई चा’ म्हणतात आणि ते चीनमधल्या हाक्का समाजाच्या लोकांचं जेवण.

हाक्का! इतकी वर्षं ‘हाक्का नूडल्स’ म्हणत आले, पण हे माणसांचं नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्या शब्दाचा अर्थ ‘पाहुणे’. याच समाजातली कुटुंबं कोलकात्याला आली, टांगऱ्यात कातडी कमावण्याच्या धंद्यात स्थिरावली आणि भारतातलं ‘चायनीज’ मुख्यतः त्यांच्याच हातून सुरू झालं. त्यांचं नाव आपण नूडल्सना दिलं आणि त्यांना विसरून गेलो. मला याचं फार वाईट वाटलं.

त्यानंतर पिशवी आली की मी आधी विचारायची, “आज कुणाकडचं?” आल्या-लसणाच्या वासाचा, कोंबडीच्या रश्शात शिजलेला भात चीनच्या दक्षिणेकडच्या हैनान बेटावरच्या लोकांचा. आणि एके दिवशी तिओच्यू लोकांची, म्हणजे दक्षिण चीनमधल्या आणखी एका समाजाची, पेज आली: तांदळाची पातळ पेज, सोबत मासा, खारवलेलं अंडं आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं. पेज आणि सुका बांगडा यांवर मी वाढले. तो वाडगा पुढ्यात आला आणि मला काही बोलवेना. मलाय लोकांचे ओंदे-ओंदे तर खोबऱ्यात घोळवलेले चिकट तांदळाच्या पिठाचे हिरवे गोळे. दातांखाली फुटले की आतला पातळ गूळ तोंडभर होतो. उकडीच्या मोदकाचं चुलत भावंडच! तमिळ लोकांचा पुटू मायम म्हणजे हुबेहूब आमचे शिरवाळे, फक्त रसाऐवजी वर ओलं खोबरं आणि गूळ.

समोरच्या घरातल्या आजींनी एकदा दारातूनच लेकीला विचारलं, “तुम्ही रोज नान खाता का?” मला राग आला. आमच्या घरात नान कधी झालाच नाही. आमचं भाकरी, पेज, घावणे, आंबोळी. पण तो राग घेऊन मी त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने पाहणार होते? त्या तिओच्यू होत्या आणि मी त्यांच्या पेजेला कालपर्यंत ‘चायनीज’च म्हटलं असतं.

डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं, तेव्हा मला आनंद झाला. त्या बंदच्या दिवसांत गिऱ्हाईक नसतानाही पहाटे उठून रश्शाचा टोप चढवणारे बरेचसे माझ्याच वयाचे होते. त्यांच्या पदार्थांना निदान त्यांच्या गावाचं, समाजाचं नाव मिळावं.

म्हणून एवढीच विनंती: पाककृती छापताना ती कुठली आणि कुणाची, ही एक ओळ वर द्या. नावं जिभेला जड वाटली तरी चालतील, वाचक शिकतील. मी साठीनंतर शिकले. लेई चाची कृती मी लेकीकडून लिहून घेतली आहे. पानावर जागा असेल तर पाठवते. नाव मात्र तेच ठेवा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, कुडाळ