विधी साहाय्य केंद्राची पाटी आणि कच्च्या कैद्याची फाइल

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कायदा महाविद्यालयाने विधी साहाय्य केंद्र चालवलेच पाहिजे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे (वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेचे) २००८ चे कायदेशिक्षण नियम सांगतात. त्यामुळे पाटी सगळीकडे आहे. पाटीमागे बहुतेक ठिकाणी वर्षाकाठी दोन-तीन शिबिरे असतात : बॅनर, सत्कार, हक्कांवर एक भाषण, फोटो आणि अहवाल. कुणी गर्दीतून खरेच एखादा कागद पुढे केला, तर 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात (गरजूंना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) जा' एवढेच उत्तर मिळते. हे केंद्र मनापासून चालवायचे असेल, तर सुरुवात जिल्हा कारागृहातल्या कच्च्या कैद्यांपासून, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत असलेल्यांपासून करावी, असे आम्हाला वाटते. ते का, कसे आणि कुठे फसते, हे लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच.

कारण सरळ आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. शिवाय यातले निम्मे काम तारखा, कलमे आणि कागद जुळवण्याचे आहे. विद्यार्थी ते न्यायाधीशापुढे उभा न राहताही करू शकतो.

उभे राहायची परवानगी त्याला नाहीच. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसलेल्याला एखाद्या प्रकरणापुरते बोलू देण्याचा अधिकार अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३२ ने न्यायालयाला दिला आहे, पण तो अपवाद. खरी गोची पुढे आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकालाही वकिली करता येत नाही. म्हणजे केंद्राचा प्रमुख, समन्वयक आणि तीस विद्यार्थी मिळून एका वकालतनाम्यावर (पक्षकाराच्या वतीने उभे राहण्याच्या अधिकारपत्रावर) सही करायला कुणी नाही! म्हणून मार्गदर्शक बाहेरूनच घ्यावा लागतो : लोक अभिरक्षक कार्यालयातला (प्राधिकरणाने आरोपींच्या बचावासाठी नेमलेला) नाहीतर प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील. वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवण्याची मुभा १९७९ च्या नियमांनी दिलेली आहे. महाविद्यालये तिचा उपयोग करारनाम्याचा कायदा शिकवून घेण्यासाठी करतात, केंद्रासाठी क्वचितच.

आमच्या मते एका मार्गदर्शकाकडे आठांहून जास्त विद्यार्थी देऊ नयेत. दोघादोघांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीकडे चार-पाच फाइली, आठवड्यातून एक दुपार कारागृहात किंवा न्यायालयात आणि एक तास फाइलवाचनाची बैठक. जोडी अशासाठी की मुलाखतीत एकाने बोलायचे आणि एकाने लिहायचे. कारागृह अधीक्षकांची परवानगी प्राधिकरणाच्या सचिवांमार्फत, नावांच्या यादीसह आणि पूर्ण सत्रासाठी एकदाच घ्यावी. दर भेटीला नवा अर्ज करू लागलात की तिसऱ्या भेटीनंतर काम थंडावते.

पहिल्या भेटीत 'तू केलंस का?' हा प्रश्न विचारायचा नाही. नाव, वडिलांचे नाव, पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्रमांक, अटकेची तारीख, पहिल्या रिमांडची (न्यायालयाने कोठडीत पाठवल्याची) तारीख, वकील आहे का आणि तो शेवटचा कधी भेटला, घरी कळले आहे का, पूर्वी शिक्षा झाली आहे का, दुसऱ्या कुठल्या केसमध्ये वॉरंट आहे का, एवढे पुरते. कैद्याने सांगितलेल्या तारखा बऱ्याचदा चुकतात. त्या रिमांड आदेशाशी आणि न्यायालयाच्या रोजनाम्याशी (दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीशी) ताडून पाहायच्या. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने शोधले तर 'भोसले', 'भोसळे', 'भोंसले' अशा तीन स्पेलिंगांनी तीन निकाल येतात. प्रत्येक खटल्याचा वेगळा असलेला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक एकदा हाती लागला की मग घोटाळा होत नाही. पारधी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्याची मुलाखत मराठीतून घेतली तर तो मान डोलावतो आणि विद्यार्थी त्याला होकार समजतो. दुभाषा हवाच, आणि तो दुसरा कैदी नसावा.

आता हिशोब. दोषारोपपत्र मुदतीत आले नाही तर मिळणारा जामीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १८७(३) खाली आहे : ६० किंवा ९० दिवस. दिवस अटकेपासून मोजायचे नाहीत, पहिल्या रिमांडपासून मोजायचे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निर्णयाप्रमाणे तो रिमांडचा दिवसही धरायचा. मुदत संपल्यावर अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले तर हक्क गेला. म्हणून विद्यार्थ्याने कॅलेंडरवर ५५ व्या दिवशीच खूण करून मार्गदर्शकाला कळवायचे. साठ लागू की नव्वद, हे मात्र विद्यार्थ्याने ठरवू नये. कमाल आणि किमान शिक्षेच्या अर्थावरून वाद आहेत, तो निर्णय वकिलाचा.

याच संहितेच्या कलम ४७९ मध्ये विद्यार्थ्यांच्या सर्वांत जास्त चुका होतात, आणि सर्वांत जास्त उपयोगही तिथेच होतो. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला तर जामीन, आणि पूर्वी कधीच दोषी ठरला नसेल तर एकतृतीयांश काळानंतर सुटका. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यातून वगळले आहेत. भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या) ३०३(२) खालच्या साध्या चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणून पहिल्यांदा अडकलेल्याला एक वर्ष. ३०५ खालच्या घरातल्या चोरीला सात वर्षे, म्हणजे दोन वर्षे चार महिने. इतरांना साडेतीन वर्षे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या, म्हणजे नवे कायदे लागू होण्याआधीच्या गुन्ह्यांनाही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, तरी जुन्या फाइली 'आयपीसीच्या (जुन्या दंड संहितेच्या) आहेत' म्हणून बाजूला ठेवलेल्या सापडतात.

इथे एका शब्दावर थांबावे लागते. कायदा 'पूर्वी दोषी ठरलेला नसावा' म्हणतो, 'पूर्वी गुन्हा नोंदलेला नसावा' असे म्हणत नाही. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून १९५२ साली सुटलेल्या, म्हणजे विमुक्त समाजातल्या तरुणाच्या नावावर पाच-सहा गुन्हे सहज असतात. पोलिसांच्या अहवालात 'सराईत' हा शब्द येतो आणि विद्यार्थी 'निम्मा काळ'च्या रकान्यात आकडा भरून मोकळा होतो. त्या पाच-सहा केसेसचा निकाल काय लागला, हे प्रत्येक न्यायालयात जाऊन बघितले तर कित्येकदा एकातही शिक्षा नसते. मग तो कायद्याने पहिल्यांदाचाच ठरतो. मात्र त्यातली एखादी केस अजून चालू असेल तर पोटकलम (२) आडवे येते, कारण एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. ते पोटकलम 'एकाहून अधिक गुन्हे' असेही म्हणते. शब्दशः वाचले तर एकाच एफआयआरमध्ये दोन कलमे लावली तरी दार बंद होऊ शकते. अशा फाइलीत ४७९ वर विसंबून न राहता नियमित जामिनाचा अर्ज सोबतच तयार ठेवावा.

दुसरी बारीक गोष्ट. पहिल्यांदाच्या आरोपीची सुटका 'बंधपत्रा'वर होते, आणि संहितेच्या व्याख्येप्रमाणे बंधपत्र म्हणजे जामीनदाराशिवायचा जातमुचलका. जामीनदारासह असते ते जामीनपत्र. अर्जात हा फरक लिहिला नाही तर सवयीने 'पंधरा हजारांचा एक ऐपतदार जामीनदार' असा आदेश होतो. ज्याच्या घरी सातबारा नाही, पगारपत्रक नाही, रेशनकार्डसुद्धा नाही, त्याच्यासाठी त्या आदेशाचा अर्थ 'आतच राहा' असा होतो.

जामीन मंजूर झाला म्हणजे फाइल मिटली, ही विद्यार्थ्यांची (आणि खरे सांगायचे तर बऱ्याच वकिलांचीही) समजूत असते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला दिलेल्या निर्देशांनुसार आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला ई-मेलने जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकते. म्हणून जोडीने जामिनाच्या आदेशानंतर सातव्या आणि तिसाव्या दिवशी कारागृहात जाऊन तो कैदी अजून आहे का, हे पाहायचे. असेल तर अट शिथिल करण्याचा अर्ज, रोख जामिनाची विनंती, किंवा केंद्र सरकारच्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेचा प्रस्ताव. ही योजना २०२३ मध्ये आली तेव्हा कच्च्या कैद्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत तरतूद होती. त्यासाठी जिल्हास्तरीय समितीपुढे कैद्याच्या परिस्थितीचा अहवाल जावा लागतो, आणि घरी जाऊन तो लिहिणे हे काम विद्यार्थ्याच्या अगदी आवाक्यातले आहे. इथे समाजकार्याच्या विद्यार्थ्याला सोबत घेतले तर अहवाल कितीतरी चांगला होतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कारागृहांत आणि पोलीस ठाण्यांत समाजकार्यकर्त्यांमार्फत हेच दाखवत आला आहे.

बिघाड होतो तो बहुधा कायद्याच्या अज्ञानाने होत नाही. विद्यार्थी भावनेच्या भरात 'पुढच्या तारखेला सुटशील' म्हणतो. घरच्यांना निरोप, मग पैसे, मग तंबाखूची पुडी अशी मागणी वाढत जाते. कागदांचे फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर पडतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मधले गुपिताचे संरक्षण वकील आणि त्याचे दुभाषी, कारकून, कर्मचारी यांच्यापुरते लिहिलेले आहे. विद्यार्थ्याचा उल्लेख नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने मार्गदर्शक वकिलाच्या हाताखाली काम करत असल्याचे लेखी पत्र घ्यावे, नोंदवही वकिलाच्या कार्यालयात राहावी, आणि फोनमध्ये एकही फोटो नको. कैद्याशी बोलायची तीन वाक्येही ठरवून द्यावीत : मी वकील नाही, मी तुमच्या वकिलाला कळवीन, मी अमुक तारखेला परत येईन. तिसरे वाक्य पाळता येणार नसेल तर उच्चारू नये.

सर्वांत मोठा अडथळा वेळापत्रकाचा. इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे, पण वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. विद्यार्थी ती मे महिन्यात करतात. तेव्हा जिल्हा न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते आणि रिमांड-जामिनाखेरीज फारसे काही चालत नाही. चार आठवड्यांत फाइल हाती येते आणि परीक्षा आली की सुटते. यावर उपाय म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने फाइल घ्यायची आणि पुढच्या सत्रात, नंतरच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यासोबत दोन बैठका घेऊन ती त्याच्याकडे सोपवायची. फाइलीच्या पहिल्या पानावर पुढची तारीख, ६०/९० चा दिवस, ४७९ चा दिवस आणि शेवटच्या भेटीचा दिवस असे चार रकाने असावेत. सोपवणी लेखी नसेल तर गुण नाहीत.

गुणांची सोय आधीच आहे. अभिरूप न्यायालयाच्या (सरावासाठी लटका खटला चालवण्याच्या) सक्तीच्या विषयात अभिरूप खटल्याला ३०, दोन खटल्यांच्या निरीक्षणाला ३०, पक्षकाराची मुलाखत आणि खटलापूर्व तयारीला ३० आणि तोंडी परीक्षेला १० गुण आहेत. मुलाखत-तयारीचे ते ३० गुण आज घरी बसून लिहिलेल्या डायरीला मिळतात. हस्ताक्षर वेगळे, मजकूर तोच. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी एवढेच ठरवावे की हे गुण मार्गदर्शक वकिलाने तपासलेल्या खऱ्या फाइलीवर दिले जातील, आणि राज्य विधी सेवा प्राधिकरणाने त्या वकिलाला बैठकीमागे मानधन द्यावे. नवा कायदा लागत नाही, बार कौन्सिलकडे जावे लागत नाही. मानधनाविना चालवलेल्या केंद्रात वकील पहिले दोन शनिवार येतो, तिसऱ्या शनिवारी त्याची तारीख असते.

आपले,
कायदा महाविद्यालयांच्या विधी साहाय्य केंद्रांत काम करणारे काही प्राध्यापक आणि वकील