तुझं चित्र, अजून अर्धं

जुन्नर,
१२ ऑगस्ट

प्रिय निशा,

तुझं चित्र अजून झालेलं नाही, हे आधीच सांगते. पण काल रात्री कागदाच्या कडेला ‘निशासाठी’ असं लिहून टाकलं. हे सुचलं ह्वांग गोंगवांगमुळे.

ऐंशीच्या घरातल्या या चिनी चित्रकाराने १३४७च्या सुमारास फूचुन नदीकाठचे डोंगर एका लांबलचक गुंडाळीवर काढायला घेतले, वू-योंग नावाच्या ताओपंथी स्नेह्यासाठी. चित्र डोंगरातल्या घरी ठेवून हा भटकायला जायचा, म्हणून तीन-चार वर्षं रेंगाळलं. वू-योंगला धास्ती, कुणीतरी गोड बोलून नाहीतर दांडगाईने ते लाटेल. त्याने १३५० मध्ये, चित्र पुरं व्हायच्या आधीच, ते कुणाचं आहे हे त्यावर लिहवून घेतलं. मला फार आवडलं हे! पुढे १६५० मध्ये एका मालकाने मरताना ते जाळायला सांगितलं. पुतण्याने आगीतून ओढून काढलं, पण दोन तुकडे झालेच. छोटा हांगझोऊला, मोठा तैपेईला. २०११ मध्ये तैपेईत ते शेजारी शेजारी मांडले होते.

त्याच्या डोंगरांवर तागाचे धागे मोकळे सोडावेत तशा लांब, सैल रेघा आहेत. महिनाभर मी त्याच गिरवल्या आणि तशीच माळशेजला गेले. काढलं ते सगळं खोटं! फूचुनचे डोंगर मातीचे, गोलसर. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, मध्ये सरळ तुटलेला कडा. मग ली तांग या आणखी एका जुन्या चिनी चित्रकाराच्या रेघा आठवल्या. ब्रश आडवा धरून कुऱ्हाडीचा घाव घालावा तसा फटका मारायचा. कोरडा ब्रश कागदावर खरखरला आणि कातळ उमटला. थरांच्या सपाटीवरचं गवत म्हणजे नुसती ओली, फिकट पट्टी. झाडं, रस्ता, रेलिंग सगळं गाळलं. धबधबे काढलेच नाहीत. दोन फटक्यांमध्ये कागद सोडला की पाणी आपोआप पडतं.

शाईची कांडी मी दगडावर उगाळते, सहाणेवर चंदन उगाळावं तशी. घाई केली की शाई करकरीत होते आणि धुकं जमत नाही.

उजवीकडची वीतभर जागा कोरी आहे. तिथल्या दरीवरचं धुकं त्या दिवशी हललंच नाही, आणि न बघता काढायचं नाही. येत्या रविवारी पुन्हा जाते आहे. तू आलीस तर शाई तू उगाळ, तुझा हात माझ्यापेक्षा शांत आहे.

तुझी,
मीनल