थोरल्या पणजीची नोंद

टोरोंटो

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने पाठवलेले कोतवाल बुकाचे, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचे, फोटो मिळाले. सोबत मोडीचं लिप्यंतरही आहे, पण मरणाच्या कारणाच्या रकान्यात बरीच प्रश्नचिन्हं आहेत. वंशावळीत तिथे काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंत. इथल्या इस्पितळात मृत्यूच्या दाखल्यांवरची कारणं तपासणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या काळी गावात डॉक्टर कुठला? घरच्यांनी सांगितलं ते पाटील-कोतवालाने लिहून घेतलं. त्यातून सरकारी तक्त्यातले रकाने ठरलेले: पटकी, देवी, प्लेग, ताप, आव-जुलाब, श्वासाचे विकार, इजा आणि उरलेलं सगळं 'इतर'. हिवताप असो, मुदतीचा ताप असो की बाळंतिणीचा, सगळं 'ताप'मध्ये जमा. म्हणून एकटी नोंद वाचून भागत नाही. महिना कुठला, वय काय, त्याच पानावर आणखी कोण गेलं, हे सगळं बघावं लागतं.

आजोबांच्या चुलत्यांचंच घ्या. वय १९, महिना भाद्रपद. लिप्यंतरात 'पाणी (?) लागून' आहे, त्यावरून दादा म्हणतो की ते खाडीत बुडाले. पण बुडालेल्या माणसापुढे त्याच वहीत सरळ 'बुडोन' लिहिलेलं आहे. मी फोटो मोठा करून त्याच हाताने लिहिलेल्या इतर नावांतला 'न' शेजारी ठेवून पाहिला. अक्षर तंतोतंत तेच. वेलांटी वाटते ती वरच्या ओळीतून खाली आलेली शेपटी आहे. 'पान लागून' आहे ते. रात्रीबेरात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला मी काय सांगायचं! आता ते फुरसं होतं की नाग, हे कागद सांगत नाही, तेव्हा आपणही 'सर्पदंश' एवढंच लिहावं.

आजीची पहिली मुलगी सातव्या दिवशी गेली, पुढे 'आकडी'. जन्मल्यावर आठवड्याच्या आत-बाहेर आकडी येऊन गेलेलं मूल म्हणजे बहुधा धनुर्वात. नाळ घरातल्याच विळ्याने कापायचे, त्या जखमेतून तो व्हायचा. सटवीच्या पूजेत आपलंच काही चुकलं, असं आजी जन्मभर म्हणत राहिली. तिचं काहीही चुकलं नव्हतं, काका. ती होती तेव्हा हे तिला कुणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आजोबांच्या मुंबईच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' आहे. ते कारण नव्हे, हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. मूळ आजार असेल तर खालच्या ओळीत असेल, पण फोटोत ती घडीखाली गेली आहे. दाखला पूर्ण उलगडून परत फोटो काढायला सांगा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. थोरली पणजी, वय २३, 'ताप'. दोन दिवसांनी तिचा मुलगा, वय २, 'ताप'. ऑक्टोबर १९१८, दसऱ्याच्या आगेमागे. आपल्या घरात काय सांगतात ते मी लहानपणापासून ऐकत आले: दसऱ्याला वरच्या घरून खीर आली, पोटुशी पणजी ती जेवली आणि करणी बाधली. तेव्हापासून त्या घरचं पाणी आपल्याला वर्ज्य. रवळनाथाच्या गाऱ्हाण्यालाही दोन्ही घरं वेगळी उभी राहतात.

ते अख्खं पान मी वाचलं. वरपासून खालपर्यंत 'ताप', 'ताप', 'ताप', आणि बहुतेक वीस ते चाळीस वयाची माणसं. ही मानमोडी आहे, म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. जून १९१८ मध्ये ती मुंबईत आली, तेव्हा सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात परत उलटली ती जीव घेऊनच. देशात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली, असा अंदाज आहे. एरवी साथीत म्हातारी आणि तान्ही जातात, हिने ऐन उमेदीतली माणसं नेली. गरोदर बायका तर फारच. तिच्यासाठी वेगळा रकानाच नव्हता, म्हणून गावोगाव 'ताप' लिहिलं गेलं. पावसाळा सरला की बोटी सुरू व्हायच्या आणि मुंबईचे चाकरमानी घरी यायचे. आपल्या गावात ती तशीच आली असणार.

आणि काका, त्याच पानावर पणजीच्या वर तीन ओळी सोडून वरच्या घराचं नाव आहे. त्यांची सून, वय २०, 'ताप'. त्यांच्या घरातही त्याच आठवड्यात माणूस गेलं होतं. आपल्याकडे कुणी कधी हे बोललं नाही.

वंशावळीत दोन ओळी वेगळ्या ठेवा. 'नोंदीतला शब्द: ताप' आणि खाली 'आमचा कयास: १९१८ची मानमोडी'. कागदात नाही ते कागदाच्या नावावर घालू नका. करणीचा उल्लेख मात्र पूर्ण काढा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

गणपतीला वरच्या घरची मंडळी गावी येतीलच. या पानाची आणि लिप्यंतराची प्रत त्यांच्या वडीलधाऱ्या काकूंकडे तुम्ही स्वतः नेऊन द्या, दादाबरोबर पाठवू नका. पाणी विचारलं तर प्या.

काकूला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची पुतणी