रोख मदत आणि वीटभट्टीची उचल

सरकारच्या रोख मदतीमुळे गावात कामाला माणसे मिळेनाशी झाली आहेत, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर पटला नाही. राज्यातील महिलांसाठीच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना 1500 रुपये म्हणजे दिवसाला 50 रुपये. रोजगार हमीची मजुरीही 2024-25 मध्ये दिवसाला 297 रुपये होती. मग 50 रुपयांसाठी रोजंदारी कोण सोडेल? अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये सहा विकसनशील देशांतील रोख मदतीच्या सात योजनांचा अभ्यास मांडला. मदत मिळाली म्हणून लोकांनी काम कमी केले, असा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही.

बदल होतो तो दुसरीकडे. शहापूर-मुरबाडमधील अनेक कातकरी आदिवासी कुटुंबे पावसाळ्यात धान्य संपले की वीटभट्टीमालकाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेतात आणि दिवाळीनंतर ती फेडायला मुलाबाळांसह भट्टीवर जातात. मुलांची शाळा तिथेच सुटते. नेमक्या त्या टंचाईच्या महिन्यांत बाईच्या खात्यात पैसे असतील, तर तेल-मीठ, औषधपाण्यासाठी उचल घ्यावी लागत नाही, निदान कमी घ्यावी लागते. मालकाला ‘नाही’ म्हणता येणे, ही माझ्या मते या पैशाची सर्वांत मोठी कमाई.

हप्ता लांबला की मात्र पुन्हा मालकाचेच दार. म्हणून पैसे दरमहा ठरलेल्या तारखेलाच जमा व्हावेत आणि कागदपत्रांअभावी बाहेर राहिलेल्या कातकरी महिलांची नोंदणी यंत्रणेने पाड्यावर जाऊन करावी.

– एक वाचक, ठाणे