रक्त कुठून घेतले, तेही छापा

शवविच्छेदन अहवालांवरील आपल्या लेखात, रक्तात औषध घातक पातळीच्या वर सापडले म्हणजे अतिसेवन सिद्ध झाले, असे ठामपणे म्हटले आहे. हा निष्कर्ष मान्य करता येत नाही. मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबते, पण औषधांची हालचाल थांबत नाही. पेशींची आवरणे विरू लागतात आणि यकृत, फुप्फुसे, हृदयाचे स्नायू यांत साठलेले औषध आसपासच्या रक्तात झिरपते. अमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची जुनी औषधे किंवा हृदयविकारावरचे डिगॉक्सिन यांच्या बाबतीत हे विशेष घडते. त्यामुळे हृदयातून घेतलेल्या रक्तातले प्रमाण मांडीच्या शिरेतल्या रक्तापेक्षा कित्येक पट जास्त भरू शकते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच गोळ्या घेणारी व्यक्तीही मग कागदावर आत्महत्या केलेली ठरू शकते, आणि तो शिक्का तिच्या घरच्यांनी आयुष्यभर वागवायचा! म्हणूनच मांडीची शीर वरच्या बाजूला बांधून तिथले रक्त घेणे श्रेयस्कर मानतात. अर्थात तेही पूर्णपणे निर्धोक नाही.

मद्याचे तर वेगळेच. मृतदेह कुजताना जिवाणू स्वतःच अल्कोहोल तयार करतात. तिथे डोळ्यातील काचद्रव अधिक भरवशाचा, कारण जिवाणू त्यात उशिरा पोहोचतात.

लेखात आकडा ठळक होता. नमुना शरीराच्या कोणत्या भागातून आणि मृत्यूनंतर किती तासांनी घेतला, हे मात्र कुठेच नव्हते. पुढील वेळी या दोन गोष्टी आकड्याशेजारीच छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक