‘हे पैसे माझे नाहीत’ हे सांगायला खिडकी कोणती?

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

विषय : खात्यात चुकून आलेली रक्कम आणि परस्पर उघडलेली खाती

महोदय,
स. न. वि. वि.

पैसे चुकीच्या खात्यात गेले तर पाठवणाऱ्याने काय करावे, हे बँका सांगतात. ते ज्याच्या खात्यात येऊन पडले त्याने काय करावे, हे सांगणारा कागद शाखेच्या फळ्यावर सहसा सापडत नाही. हे पत्र त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

चूक होते कशी, ते आपल्याला ठाऊक आहेच. ऑक्टोबर २०१० च्या आपल्याच परिपत्रकानुसार इलेक्ट्रॉनिक रक्कम फक्त खाते क्रमांक पाहून जमा करता येते, नाव जुळवण्याचे बंधन नाही. पंधरा आकड्यांतला एक चुकला आणि तो क्रमांक कोणाचाच नसला तर पैसे परत येतात. कोणाचा तरी असला तर ते त्याच्याकडे जातात. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस या बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धतींत पैसे पाठवण्याआधी नाव दिसण्याची सोय झाली. यूपीआयमध्ये नाव आधीपासून दिसत होतेच. सोय चांगली आहे, पण नाव नुसते दिसते, ते वाचायचे काम माणसाचे. एका तालुक्यात संजय पाटील किती, हे मोजायला बसू नये. आणि अनुदानाची, पगाराची किंवा ग्रामपंचायतीची यादी एक्सेलमधून चढते, तेव्हा खाते क्रमांकाचा रकाना एका ओळीने खाली सरकला की त्याखालच्या प्रत्येकाचे पैसे शेजाऱ्याला जातात. तिथे एकेका ओळीचे नाव कोण वाचतो?

पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात २०२१ मध्ये ग्रामपंचायतीचे १५ लाख रुपये आले. सरकारनेच दिले असे समजून त्यांनी त्यातले काही लाख घरबांधणीत घातले, आणि कित्येक महिन्यांनी वसुलीची नोटीस आली. लोक त्यांना हसले. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. विचारायचे ते एवढेच, की ज्या खात्यात हजार-दोन हजारांची उलाढाल होते तिथे १५ लाख आल्यावर शाखेतून एक फोन का गेला नाही?

याउलट २०२३ च्या ऐन दिवाळीत, १० ते १३ नोव्हेंबरदरम्यान, युको बँकेच्या सुमारे ४१ हजार खात्यांत आयएमपीएस या तत्काळ पैसे पाठवण्याच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे ८२० कोटी रुपये जमा झाले. बँकेने खाती रोखली आणि थोड्याच दिवसांत ६४९ कोटी परत मिळवले. बँकेची स्वतःची चूक असली की यंत्रणा धावते. एकट्या माणसाची चूक असली, की दोन ग्राहकांनी आपसात बघावे.

कायदा पैसे घेणाऱ्यावर स्पष्ट आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७२ : चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात. ते दुसऱ्याचे आहेत हे कळूनही बेइमानीने वापरले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४, किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कैद, शिवाय दंड. परत करायचे म्हटले तर रस्ता मात्र कुठेच आखलेला नाही.

आज प्रामाणिक माणूस शाखेत जातो तेव्हा घडते ते असे. काउंटरवर सांगतात, ‘ज्याचे असतील तो येईल, तुम्ही हात लावू नका.’ हात न लावता पैसे जागेवर राहतील, ही समजूतच चुकीची. खात्याला गृहकर्जाचा किंवा दुचाकीचा हप्ता जोडलेला असतो. मागचा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेलेला असतो, तो पुन्हा सादर होतो आणि यंत्रणा परक्या पैशातून तो उचलते. किमान शिल्लक नसल्याचा थकलेला आकार, एसएमएसचे शुल्क, विम्याचा हप्ता, सगळे त्याच रकमेतून वळते होते. खाते कॅश क्रेडिटचे (धंद्याच्या खेळत्या कर्जाचे) किंवा पीक कर्जाचे असेल, तर रक्कम थेट कर्जातच मुरते. आठवड्याने पाठवणारा येतो तेव्हा पन्नास हजारांतले एकतीस हजार उरलेले असतात आणि खातेदार चोर ठरतो.

दुसरा प्रकार फोनचा. ‘दादा, चुकून तुमच्या नंबरवर वीस हजार आले, जरा परत पाठवा.’ पुष्कळदा पैसे आलेलेच नसतात, नुसता बनावट मेसेज असतो. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. म्हणून मेसेज सोडून ॲपमधली शिल्लक किंवा पासबुक पाहायचे. पैसे खरेच आलेले असले तर धोका जास्त, कारण ते तिसऱ्याच कोणाला फसवून काढलेले असू शकतात. आपण फोनवाल्याच्या नंबरवर पाठवले, की यंत्रणेच्या लेखी तो नवा, स्वतंत्र व्यवहार असतो, पहिला व्यवहार उलटलेला नसतो. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली, की पैसा ज्या-ज्या खात्यातून गेला ती खाती क्रमाने गोठवली जातात. त्या साखळीत आपले खाते येते. वीस हजार आधीच गेलेले आणि खातेही बंद.

म्हणून आम्ही लोकांना सांगतो ते असे. फोनवाल्याला ‘तुमच्या बँकेमार्फत या’ एवढेच म्हणायचे. आपल्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक काढायचा. यूपीआय आणि आयएमपीएसचा बारा आकडी आरआरएन असतो, एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरी, आरटीजीएसचा बावीस. त्याच दिवशी आपल्या शाखेला अर्ज द्यायचा : अमुक क्रमांकाची रक्कम माझी नाही, ती बाजूला अडकवून ठेवा आणि आली त्याच खात्यावर बँकेमार्फत परत करा, माझी संमती आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही मागायची. गाडी अडते ती इथेच. अर्ज ठेवून घेतात आणि शिक्का ‘उद्या या’वर जातो. मग तोच मजकूर बँकेच्या अधिकृत ईमेलवर पाठवून ठेवायचा, निदान तारीख तरी राहते. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर आपल्याच लोकपाल योजनेकडे जायचे.

खाती अशी गोठवण्याबद्दल एक खास मागणी आहे. वादातली रक्कम ५०० रुपये असेल तर ५०० रुपयेच अडकवावेत. भाजीच्या गाडीवर क्यूआरने घेतलेले ५०० रुपये कोणत्या साखळीतून आले, हे भाजीवाल्याला कसे कळणार? पण त्याचे सगळे खाते गोठते, आणि सकाळी बाजार समितीत माल उचलायला पैसे निघत नाहीत. पोलिसांचे आदेश आपल्या हातात नाहीत, हे आम्ही जाणतो. पण आदेशात रक्कम दिलेली असताना शाखेने पूर्ण खाते का रोखावे, हे बँकांना आपणच विचारू शकता.

आता पैशाऐवजी खातेच परके असते तेव्हा. कधीही पाय न ठेवलेल्या बँकेचे डेबिट कार्ड टपालाने घरी येते. कार्ड चालू करू नये आणि कापून टाकूही नये, पाकिटासकट पुरावा म्हणून ठेवावे. पत्रावर छापलेल्या शाखेला लिहून खात्यातून पैसे काढणे बंद करायला सांगावे, आणि खाते उघडण्याचा फॉर्म, जोडलेली कागदपत्रे व नोंदलेला मोबाइल नंबर मागावा. ‘बंदच करून टाकतो’ म्हणणाऱ्या शाखेला आधी नको म्हणावे. खाते बंद झाले, की त्यातून काय फिरले हे पुढे कोणी सांगत नाही. आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांतल्या पडताळण्या दिसतात, तिथे अंगठा कधी आणि कोणासाठी लागला ते सापडू शकते. बायोमेट्रिक लॉक तिथेच लावता येते. आणि १९३० किंवा पोलीस ठाण्यात तक्रार, कारण फसवणुकीचा पैसा फिरवायला भाड्याने दिली जाणारी खाती अशाच नावांवर उघडतात.

पण कार्ड घरी आलेच नाही तर? आपल्या नावावर कर्जे किती, हे क्रेडिट अहवालात दिसते. बचत खाती त्यात नसतात. आयकराच्या वार्षिक माहिती विवरणात अनोळखी बँकेचे चौदा रुपये व्याज दिसले, तरच शंका येते, आणि ते विवरण खेड्यात कोण उघडतो? आपल्या नावावर सिमकार्डे किती, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर कोणालाही दिसते आणि ‘हा नंबर माझा नाही’ असे तिथेच कळवता येते. आयकर विवरणातही एखादी नोंद नाकारण्याची सोय आहे. दूरसंचार आणि आयकर खात्याला जमले ते बँकांना का जमू नये? २०२३ मध्ये आपण ‘उद्गम’ सुरू केले, तेव्हा बेवारस ठेवी अनेक बँकांत एकाच वेळी नावाने शोधता येऊ लागल्या. मेलेली खाती शोधता येतात, तर पॅनवर चालू असलेली खाती ज्याची त्याला दाखवावीत.

आणि प्रत्येक बँकेच्या ॲपमध्ये, तसेच शाखेत छापील अर्जावर, ‘ही रक्कम माझी नाही’ हा पर्याय द्यावा. तो निवडताच तेवढीच रक्कम बाजूला पडावी, हप्ते-शुल्क तिला लागू नयेत, आणि पाठवणाऱ्या बँकेला आपोआप कळावे. पोचपावतीवर चार गोष्टी पुरेत : तारीख-वेळ, संदर्भ क्रमांक, रक्कम आणि ‘खातेदाराने स्वतःहून कळवले’ हे वाक्य. ते वाक्य मात्र आधीच छापलेले हवे. काउंटरवर हाताने लिहून मागितले तर कोणी लिहून देत नाही.

कळावे,
आपले,
खातेदारांना अर्ज लिहून देणारे काही निवृत्त बँक कर्मचारी